शोव्हलची गुढी

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये एक उबदार कोपरा होता, आणि दर हिवाळ्यात तिथे दोन जीव शेजारी शेजारी नांदायचे. एक म्हणजे आईचं दह्याचं पातेलं, जुन्या शालीत गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. दुसरी बाबांच्या मोटरसायकलची बॅटरी. थंडीत गॅरेजमध्ये ठेवली तर ती मरते, म्हणून दिवाळी झाली की बाबा तिला काढून दोन्ही हातांत धरून घरात आणायचे, माहेरवाशिणीला आणावं तसं, आणि चार्जर लावून त्या कोपऱ्यात बसवायचे. चार्जरवर एक हिरवा दिवा मिणमिणत असायचा. पाणी प्यायला उठलं की अंधारात तो दिवा दिसायचा आणि दह्याचा आंबूस वास यायचा. माझी कितीतरी वर्षं अशी समजूत होती की प्रत्येकाच्या घरी दही आणि बॅटरी या एकत्र उबेत ठेवायच्याच वस्तू असतात. एका मैत्रिणीच्या घरी मी गंभीरपणे विचारलंही होतं, "व्हेअर डू यू कीप युअर बॅटरी?" तिच्या आईने मला टॉर्चचे सेल काढून दिले.

घर परदेशात, पश्चिम किनाऱ्याजवळच्या कोक्विटलामला होतं, डोंगराच्या पायथ्याशी. खरं तर पोटरीवर म्हणायला हवं. दारासमोरचा रस्ता खाली दुकानांकडे जायचा आणि वर चढत चढत डोंगराच्या पायवाटेपाशी संपायचा. तिकडची माणसं पूर्वेकडच्या नातेवाइकांना फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगतात, "छे, आमच्याकडे कुठला बर्फ, आमच्याकडे पाऊस!" आता मी त्याच पूर्वेकडे, मिल्टनला राहते, त्यामुळे असे फोन मलाच येतात आणि मी दातओठ खाऊन ऐकते. एरवी ते खरंही असतं. पण मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी हिवाळा लग्नघरातल्या त्या पाहुण्यासारखा वागला, जो रोज सकाळी बॅग भरतो आणि रोज दुपारी जेवायला थांबतो.

याचा सगळ्यात जास्त त्रास आमच्या घरातल्या दोन माणसांना झाला, आणि घरात माणसंच तीन होती. बाबा नागपूरचे, इंजिनिअर. आठवडाभर पुलांची गणितं करायचे आणि शनिवार-रविवारी जगायचे. त्यांची मोटरसायकल जुनी, मरून रंगाची, थोडी खोकणारी. मार्च उजाडला की गॅरेजमध्ये जाऊन तिच्या अंगावरची चादर काढायचे, हेल्मेट घालायचे, काच खाली ओढायचे आणि गॅरेजचं दार बंद ठेवूनच तिच्यावर बसून राहायचे. चहा तिथेच मागवायचे. चहा पिताना काच वर, घोट झाला की काच खाली. बर्फ वितळला तरी त्यांची सुटका नसायची, कारण हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेली वाळू तशीच पडून असायची. नगरपालिकेची झाडणारी गाडी ती उचलून नेईपर्यंत दुचाकीवाल्यासाठी प्रत्येक वळण म्हणजे सर्कशीतला मौतका कुआँ. त्या गाडीची बाबा अशी वाट बघायचे की तशी कुणी वरातीची बघितली नसेल.

आई साताऱ्याकडची. लहानपणापासून डोंगर चढलेली बाई. शालूमावशी ही तिची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बर्फ नसेल तेव्हा दर शनिवारी दोघी पाठीला पिशव्या लावून वर जायच्या, पिठलं-भाकरी खाऊन उतरायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगराच्या खांद्यावर बर्फाचा एक तिरका पट्टा दिसायचा. आई त्याला 'उपरणं' म्हणायची. उपरणं उतरलं की वाट मोकळी झाली असं समजायचं. त्या वर्षी खाली चेरीला मोहर आला, ट्यूलिप वर आले, पण उपरणं काही उतरेना. ते जरा आक्रसायचं, आईचा चेहरा खुलायचा, की पुन्हा वर ताजा बर्फ पडून शुभ्र, इस्त्री करून आल्यासारखं. आई खिडकीशी उभी राहून पोळ्या लाटायची आणि डोंगराकडे बघून पोळी अशी आपटायची की मी खोलीतून ओळखायचे, आज पण नाही.

ज्यांना बाहेर जायचं आहे अशी दोन माणसं एका घरात कोंडली की काय होतं, ते मी जवळून पाहिलेलं आहे. पाडव्याच्या दोन दिवस आधी दही लागलं नाही. साधंसुधं दही नव्हे, श्रीखंडाच्या चक्क्याचं दही. आईने शाल उघडली, पातेलं हलवलं, आतलं दूध हिंदकळलं. ती सावकाश वळली आणि बॅटरीकडे बघून म्हणाली, "हिच्यामुळे. त्या करंटचा वास लागतो दुधाला."

"करंटला वास नसतो," बाबा म्हणाले. ते गॅरेजमधून रिकामा कप ठेवायला आले होते, हेल्मेटसकट. आतून आवाज घुमून येत होता. "आणि दही काऊन लागेल? सकाळपासून तू त्याच्यासमोर इतकं बोलून राहिली, ते घाबरून गेलं असेल बिचारं."

एवढं पुरलं. अबोला सुरू झाला.

अबोला ही आमच्या घरची जुनी कला होती, आणि मी तिच्यातली एकमेव नोकरदार. दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसायचे आणि माझ्यामार्फत बोलायचे. "सोनू, तुझ्या बाबांना सांग, मीठ तिकडे आहे." "सोनू, तुझ्या आईला सांग, दिसलं." मी हे निरोप इंग्रजीत भाषांतर करून पोचवायचे आणि वाटेत आपली थोडी फोडणी घालायचे. "हर मॅजेस्टी वुड लाइक द सॉल्ट." एरवी मला या कामात भलतीच मजा यायची. पण या वेळी अबोला पाडव्याच्या सकाळपर्यंत चालला. आईचंच म्हणणं होतं की वर्षाच्या पहिल्या दिवशी जे कराल ते वर्षभर होतं. म्हणून पाडव्याला रडायचं नाही, भांडायचं नाही. ते आठवून माझी सगळी मजा गेली. वर्षभर मीठ मीच पोचवणार की काय?

पाडवा शनिवारी आला होता आणि सकाळ तरी अशी लख्ख होती की डोळे दिपावेत. गुढीला बांबू कधीच मिळायचा नाही, आम्ही मॉपचा दांडा वापरायचो. तो त्या हिवाळ्यात मोडला होता. बाबांनी गॅरेजमधून शोव्हल आणला, बर्फ उपसायचा, घरातला एकुलता एक, आणि त्याचं फावडं स्क्रू काढून दांड्यापासून वेगळं करायला लागले.

"सोनू, विचार तुझ्या बाबांना, बर्फ पडला तर काय करणार?"

"सोनू, तुझ्या आईला म्हणावं, भिंतीवरचं कॅलेंडर वाच. काय लिहिलंय? वसंत ऋतू. आता शोव्हलचं काय काम?"

खरं म्हणजे इथे आईने ठणकावून नाही म्हणायला हवं होतं. पण तीही महिनाभर खिडकीशी उभी राहून कंटाळलेली होती. तिने कॅलेंडरकडे पाहिलं. ते इंडियन ग्रोसरीवाल्याने फुकट दिलेलं, छापलेलं मुंबईत. त्यावर चैत्र होता, आंब्याची डहाळी होती. "बरोबर आहे," ती कॅलेंडरला म्हणाली. त्या आठवड्यात दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट, आणि घोडचूक होती. बाबांनी स्क्रू हरवू नयेत म्हणून जाकिटाच्या खिशात टाकले. घरामागच्या डेकच्या, म्हणजे लाकडी ओट्याच्या, कठड्याला दांडा बांधला, आईने त्यावर जरीची हिरवी साडी, साखरेची गाठी आणि उपडा तांब्या चढवला. जरा बुटकी, पण गुढी उभी राहिली. "संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत उतरवायची," आई मला म्हणाली, "आपण तिघांनी. तू एकटीने हात लावू नकोस." मग कडुनिंबाची पूड आणि गूळ, मग पुऱ्या आणि दुकानच्या दह्याचं श्रीखंड. ते श्रीखंड दोघांनी असं गप्प बसून खाल्लं की पुरी फुटल्याचा आवाज ऐकू यायचा.

आणि मग दोघंही बाहेर पडले. आईची पद्धत अशी की पाडव्याला डोंगरावरच्या पहिल्या बाकापाशी जायचं, चालायच्या काठीला रुमाल आणि स्टीलचा पेला लावून छोटीशी गुढी करायची, श्रीखंड-पुरी खायची आणि उतरायचं. माहेरी ते सगळे गडावर असंच करायचे. तिने डबा भरला. बाबांनी कोपऱ्यातून बॅटरी उचलली, मोटरसायकलीत बसवली, चाकाला हळद-कुंकू लावलं आणि चाकाखाली नारळाऐवजी लिंबू ठेवलं. मुहूर्तावर गाडी काढायचीच, असं त्यांचं ठरलं होतं.

"सोनू, तुझ्या बाबांना सांग, वळणांवर वाळू आहे."

"सोनू, तुझ्या आईला सांग, बर्फात घसरू नये म्हणून ते बुटाला बांधायचे काटे घेऊन जा."

"शालू आहे माझ्यासोबत," आई दाराला म्हणाली.

"मी लायब्ररीपर्यंत जाऊन येतो," बाबा लिंबाला म्हणाले.

लिंबू फुटलं. मोटरसायकल खोकली आणि उताराने गेली. आई वरच्या बाजूला चालत गेली. मी टीव्ही लावून सोफ्यावर पसरले.

उजेड कधी बदलला ते मला कळलं नाही. कळलं ते असं की टीव्हीवरचं चित्र अचानक जास्त स्पष्ट दिसायला लागलं. मागे वळून पाहिलं तर खिडकीबाहेर डोंगर नव्हता. उपरणंही नाही आणि खांदाही नाही, सगळं राखाडी. मग पहिला कण उतरला, कापसाच्या बोंडासारखा मोठा, आणि समोरच्या चेरीच्या गुलाबी फुलावर बसला. थोड्याच वेळात फुलं कुठली आणि बर्फ कुठला ते सांगता येईना. गुढीच्या तांब्यावर पांढरी टोपी चढली. साडीची फडफड आधी जड झाली, मग थांबली.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर, फ्रीजची घरघर. कोपऱ्यात दह्याचं पातेलं एकटं होतं आणि हिरवा दिवा नव्हता. इतकी वर्षं मी त्या दिव्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, पण तो नाही म्हटल्यावर सगळं घर बंद पडल्यासारखं वाटायला लागलं. मी स्वतःला समजावलं. बाबा लायब्ररीच्या दारात उभे असतील. आईसोबत शालूमावशी आहे, आणि शालूमावशीसोबत तिचा आवाज आहे, त्या आवाजाने अस्वलंसुद्धा वाट सोडतात.

फोन वाजला. पलीकडे तोच आवाज होता.

"सोनू, पाडव्याच्या शुभेच्छा गं! आईला दे जरा."

"शी इज विथ यू," मी म्हणाले.

"माझ्यासोबत? अगं, मी तर सकाळीच तिला कळवलं, गुडघा धरलाय म्हणून. तीपण म्हणाली, मग मीही नाही जात." मावशी थांबली. शालूमावशी बोलता बोलता थांबली ही घटना मी तोवर अनुभवली नव्हती. "गेली की काय ती एकटी?"

मावशी भराभरा बोलायला लागली, घाबरू नकोस, आमचे हे पेट्रोल पंपावर गेलेत, आत्ता येतील, अंधार पडायच्या आत आई आली नाही तर मी स्वतः पोलिसांना फोन करते. मोठी माणसं घाबरू नकोस म्हणतात तेव्हा घाबरायची वेळ झालेली असते, हे मला कळत होतं. आणि ती बोलत असतानाच मला रस्त्यावरून खोकला ऐकू आला. तो खोकला मी हजारांत ओळखला असता. मी फोन टाकून दाराकडे धावले, "बाबा!" म्हणून ओरडले. मोटरसायकल घरासमोरून गेली, थांबली नाही, वळली नाही, सरळ वर चढत गेली. मागचा लाल दिवा बर्फात एकदा डावीकडे घसरला, सावरला आणि दिसेनासा झाला.

आता दोघंही वर होते. आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

काहीतरी करायलाच हवं होतं, नाहीतर मी तिथेच रडले असते, आणि पाडव्याला रडले असते तर वर्षभर रडत बसावं लागलं असतं. आमच्या घराचा ड्राइव्हवे, रस्त्यापासून गॅरेजपर्यंतचा, छोटा पण उभ्या चढाचा. त्यावर आता चार बोटं बर्फ. ते परत आले तर मोटरसायकल वर चढणार कशी? माझ्या डोक्यात 'आले तर' हे दोन शब्द उमटले आणि मी ते पुसून टाकले. शोव्हल! शोव्हल डेकवर जरीची साडी नेसून उभा होता. गुढी एकटीने उतरवायची नाही, आई म्हणाली होती, आपण तिघांनी. समजा मी एकटीने उतरवली, आणि मग तिघं झालोच नाही तर? उतरवली असती तरी स्क्रू बाबांच्या खिशात होते. मी स्वयंपाकघरात शिरले आणि दिसली ती वस्तू उचलली: आईची पितळी परात, तिच्या आजीने दिलेली, जिच्यात पुरणपोळीच्या कणकेशिवाय दुसरं काही मळलेलं मी पाहिलं नव्हतं.

परातीने बर्फ काढून पाहा एकदा. दोन्ही कडा धरून ढकलायची, भरली की उचलून बाजूला ओतायची. हात बधिर होतात. परात काँक्रीटवर घासून असा आवाज करते की दात शिवशिवतात. शेजारचे गृहस्थ खिडकीत आले, बघत राहिले, मग त्यांनी हळूच पडदा लावला. मी थांबले नाही. उजेड निळा व्हायला लागला होता, आणि तेवढ्यात वरून खूप दूर इंजिन ऐकू आलं. ते जवळ येत नव्हतं. एका जागी उभं राहून गुरगुरत होतं, थांबत होतं, पुन्हा गुरगुरत होतं. मग ते बंद पडलं. पुन्हा सुरू झालंच नाही. मी परात छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. केसांवर बर्फ साचून वितळून मानेत उतरत होता आणि मला वाटत होतं, हा आवाज आता आयुष्यात परत येणार नाही.

आधी दिसली ती आई. वळणावरून खाली चालत येत होती, एका हातात श्रीखंडाचा डबा, दुसऱ्या हाताने त्यातून चिमूट चिमूट काहीतरी रस्त्यावर टाकत, वाकून, रांगोळी घालावी तशी. तिच्या मागे रांगोळीच्या रेघेवरून बाबा, मोटरसायकलीवर बसलेले, इंजिन बंद, दोन्ही पाय जमिनीला लावून इंच इंच सरकत. त्यांच्या बुटांना आईचे काटे बांधलेले. वर रस्त्याच्या कडेला वाळूची पेटी असते, आई डब्यात वाळू भरून आणत होती. जवळ आले तसं बोलणं ऐकू यायला लागलं.

"या गाडीला म्हणावं, पुढचा ब्रेक दाबू नकोस."

"गाडी म्हणते, वाळू जरा डावीकडे टाकली तर बरं होईल."

"गाडीला सांगा, डब्यात हात घालून बघ किती गार आहे ते."

निरोप्या नव्हता, म्हणून त्यांनी मोटरसायकललाच कामावर ठेवलं होतं. गाडी तिथेच वर ठेवून दोघांना चालत येता आलं असतं, पण ते ठरवायला एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

ते ड्राइव्हवेपाशी पोचले. आई थांबली. तिने मला पाहिलं, नखशिखान्त. मग माझ्या हातात पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की डोंगरावरसुद्धा झाला नसेल. ती गर्रकन वळली.

"अहो, बघितलंत का! माझी परात!"

'अहो' हवेत तसाच राहिला. बाबांनी हेल्मेटची काच वर केली.

"बघितली," ते म्हणाले. "काठ चेपला वाटतं. मी ठोकून देतो ना तुला."

तेव्हा मी रडले. पाडवा असो नाहीतर काही असो.

काय घडलं ते नंतर चहा पिताना तुकड्यातुकड्याने कळलं. आई बाकापर्यंत पोचलीच नव्हती. वाटेवर बर्फ गुडघ्यापर्यंत, ती मागे फिरली, तोवर नवा बर्फ पडून तिच्याच पावलांच्या खुणा गेलेल्या. सगळी झाडं सारखी. बाबांना शालूमावशीचे मिस्टर पेट्रोल पंपावर भेटले, शालू तर घरी बसलीय म्हणाले, आणि बाबा तडक वर निघाले. पायवाटेच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी इंजिन रेस करायला सुरुवात केली. थांबायचं, पुन्हा रेस करायचं. आई त्या आवाजाच्या दिशेने चालत आली.

"हाक का नाही मारली, बाबा?" मी विचारलं.

"माणसाच्या आवाजाची रेंज किती असते?" बाबा म्हणाले, आणि कप तोंडाला लावला. आईने त्यांच्या बशीत आणखी एक पुरी ठेवली. तो इंजिनिअरचा हिशेब होता की अबोला मोडायचा नव्हता, यावर दोघं आजही वाद घालतात. आता ऐंशीच्या घरात आहेत, कॉन्डोमध्ये राहतात. मी फोन केला की दोन्ही बाजू मला स्वतंत्रपणे ऐकवल्या जातात.

गुढी तिघांनी उतरवली. सूर्य मावळला होता की नाही ते त्या आभाळात ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, म्हणून आईने मावळला नाही असं जाहीर केलं. साडी पापडासारखी कडक झाली होती, तिची घडी होईना. बाबांनी खिशातून स्क्रू काढून शोव्हल पुन्हा जोडला आणि मुकाट्याने दारामागे उभा केला.

मग ते गॅरेजमध्ये गेले आणि परत आले ते बॅटरी घेऊन. इतक्या वेळा गाडी सुरू करून ती पार संपली होती. ते तिला दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले, ओल्या मोज्यांत, आत यायचं की नाही ते न कळून. आई ओट्याशी पाठमोरी होती. नवं विरजण लावत होती. तिने पातेलं शालीत गुंडाळलं, कोपऱ्यात ठेवलं आणि ते जरा भिंतीकडे सरकवलं.

"ठेवा इथे," ती म्हणाली. "गारठली असेल."